काकांच्या शेजारी बसून रिव्हॉल्व्हरची निगा: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

आमच्या काकांना मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला, त्याला आता दीड वर्ष होत आलं. नात्याने ते माझे कोणी नाहीत. रेंजवर रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, कसा उघडायचा ते मला पहिल्यांदा त्यांनी दाखवलं, त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणतो आणि आमच्यातले बाकीचेही तेच म्हणतात. केमोथेरपी सुरू झाल्यावर तीन महिने त्यांचं हत्यारांचं कपाट बंदच होतं. मग एका सकाळी त्यांचाच फोन आला. म्हणाले, "अरे, कुणीतरी येऊन माझी रिव्हॉल्व्हरं बघून जा रे. मला धरवत नाहीत."

धरवत नाहीत हे शब्दशः खरं होतं. त्यांना ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू होतं. हे औषध नसांना त्रास देतं. सलाइन लागल्यानंतर काही दिवस थंड वस्तूला नुसता हात लागला तरी बोटांत झिणझिण्या येतात, सुया टोचतात. पन्नास वर्षं ज्या हातांनी पोलाद हाताळलं, तेच हात पोलादापासून मागे येत होते.

तेव्हापासून आम्ही चौघं दर महिन्याला त्यांच्याकडे बसतो. हा लेख त्या बैठकांतूनच लिहून झाला आहे. नुकतंच रिव्हॉल्व्हर घेतलेल्या पण ते साफ कसं करायचं हे न कळणाऱ्या माणसासाठी तो आहे. तुमच्यातला एखादा नेमबाज आजारी पडला आहे आणि त्याच्याकडे जाऊन नेमकं करायचं काय हे सुचत नसेल, तर तुमच्यासाठीही आहे. मी या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर शिकलो, त्यामुळे त्या वेगळ्या करून सांगता येत नाहीत.

जायच्या आधी

"काही लागलं तर सांगा" एवढं म्हणून फोन ठेवू नका. आजारी माणूस सांगत नाही. त्यापेक्षा "शनिवारी सकाळी येतो, चटई आणि गज माझा मी आणतो, तासाभरात निघतो" असं सांगा. (गज म्हणजे नळी साफ करायची लांब सळई.) वेळ ठरवताना घरच्यांना विचारून घ्या. अनेक केमो औषधांनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या आसपास पांढऱ्या पेशी सर्वांत खाली गेलेल्या असतात. त्या दिवसांत गर्दी नको. काकांना पुढच्या सलाइनच्या आधीचे दोन-तीन दिवस बरे जातात, म्हणून आम्ही तेच धरतो. तुम्हाला साधी सर्दी असली तरी जाऊ नका. आमच्यातला एकजण शिंका येत होत्या म्हणून दारातून परत गेला होता, आणि ते योग्यच केलं त्याने.

हत्यार त्याच्या मालकासमोरच हाताळा. दुसऱ्याचं हत्यार घरी नेणं, काही दिवस सांभाळणं, याबद्दलचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात आणि बऱ्याच ठिकाणी फार कडक असतात. मालक खुर्चीत बसलेला आहे आणि तुम्ही त्याच्या देखत साफ करताय, हा मार्ग सर्वांत सरळ. न्यायची वेळ आलीच, तर आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारा.

आता एक अवघड गोष्ट, जी आपल्या मंडळींत बोलली जात नाही. लांबलेला आजार, वेदना, रात्रीची झोप गेलेली, आणि घरात हत्यार. हे एकत्र आलं की धोका वाढतो, मग माणूस कितीही खंबीर असो. आम्ही पहिल्याच भेटीत काकांना सरळ विचारलं, "काका, मनात नको ते विचार येतात का?" विचारल्याने असे विचार डोक्यात शिरतात ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बोलायला वाट मिळते. काका थोडा वेळ गप्प बसले आणि मग बरंच बोलले. त्या दिवसापासून काडतुसं त्यांच्या घरात नाहीत, रीतसर दुसरीकडे आहेत, आणि कपाटाची किल्ली काकूंकडे असते. हे त्यांनीच ठरवलं. तुमचा सोबती जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलत असेल, तर साफसफाई राहू द्या. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, आणि हत्यारं घराबाहेर कशी नेता येतील ते कायद्याने ठरलेल्या मार्गाने बघा.

टेबलं दोन लागतात

ही आमची स्वतःची रीत आहे आणि ती पहिल्या भेटीतल्या चुकीतून आली. पहिल्या वेळी मी काकांच्या पलंगाशेजारीच सॉल्व्हंटची, म्हणजे काजळी सोडवणाऱ्या द्रावणाची, बाटली उघडली. हॉप्स नंबर ९ हे सॉल्व्हंट १९०३ पासून बाजारात आहे, त्याचा वास जुन्या नेमबाजांना घरच्या वासासारखा वाटतो. काकांनाही तो फार आवडायचा. पण केमो चालू असताना वासांचं सगळं गणितच उलटं होतं. त्यांना लगेच मळमळलं आणि ते दिवसभर आडवे होते.

तेव्हापासून एक ओलं टेबल आणि एक कोरडं टेबल. ओलं टेबल दुसऱ्या खोलीत, खिडक्या उघड्या ठेवून किंवा बाहेर मोकळ्यावर. सॉल्व्हंट, ब्रश, काळ्या झालेल्या चिंध्या, सगळं तिथे. कोरडं टेबल काकांशेजारी. तिथे फक्त साफ झालेलं हत्यार येतं: बघायला, तपासायला, पुसायला. आणि कारण फक्त वासाचं नाही. गोळीचं शिसं आणि काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरमधलं शिसं, दोन्ही त्या काजळीत असतं. ती धूळ आजारी माणसाच्या अंथरुणाजवळ उडायला नको. ओल्या टेबलावर नायट्राइलचे हातमोजे घाला, तिथे काही खाऊ-पिऊ नका, आणि काम झाल्यावर हात साबणाने आणि थंड पाण्याने धुऊन मगच आत जा. तुम्ही ठणठणीत असाल तरीही हे पाळा.

सामान फार लागत नाही. पितळेचा किंवा लेप दिलेला गज, तुमच्या बोअरचा (नळीच्या आतल्या मापाचा) कांस्य तारांचा ब्रश, सुती चिंध्या, सॉल्व्हंट, हत्याराचं तेल, दात घासायचा जुना ब्रश, दोन-चार लाकडी काड्या आणि चांगला उजेड. ब्रश घेताना नवशिक्यांचा घोळ होतो तो असा की .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम या दोन वेगळ्या मापांच्या नळ्या आहेत असं वाटतं. तसं नाही. दोन्हींची गोळी ०.३५७ इंचाचीच असते, ब्रशही एकच चालतो. .३८ हे नाव जुन्या काळच्या पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या) बाहेरच्या मापावरून चिकटलं आणि तसंच राहिलं.

पहिली पायरी: रिकामं करणं

नळी सुरक्षित दिशेला. बोट चापाच्या बाहेर. सिलिंडर बाहेर काढायचा खटका प्रत्येक कंपनीचा वेगळा: स्मिथ अँड वेसनचा पुढे ढकलायचा, कोल्टचा मागे ओढायचा, रूगरचा आत दाबायचा. सिलिंडर बाहेर आला की नळी आकाशाकडे करा आणि एजेक्टर रॉड, म्हणजे पुंगळ्या बाहेर काढायची दांडी, तळव्याने पूर्ण दाबा. अर्धवट दाबला तर एखादी पुंगळी चांदणीखाली अडकते आणि मग ती काढताना घाम फुटतो. चांदणी म्हणजे सिलिंडरच्या मागच्या बाजूचा ताऱ्यासारखा भाग, जो पुंगळ्या बाहेर ढकलतो. तिच्याबद्दल पुढे बरंच सांगायचं आहे.

बाहेर आलेलं मोजा. चेंबर, म्हणजे सिलिंडरमधली काडतुसांची घरं, सहा असतील तर सहा, पाच असतील तर पाच. मग प्रत्येक चेंबरमधून उजेड दिसतो का बघा आणि बोटाने चाचपा. जुन्या सिंगल ॲक्शन हत्यारात, म्हणजे दर गोळीला घोडा हाताने चढवावा लागतो अशात, सिलिंडर बाहेर येत नाही. १८७३ च्या कोल्टच्या धर्तीचं असेल तर घोडा अर्ध्यावर चढवा, बाजूचं झाकण उघडा आणि सिलिंडर एकेक घर फिरवत सगळी घरं बघा. नंतर काडतुसं त्या खोलीतून बाहेर न्या.

ज्याच्या बोटांच्या नसा औषधाने बधिर झाल्या आहेत, त्याच्या चाचपण्यावर भरवसा ठेवता येत नाही. आमच्याकडे म्हणून दोघं बघतात आणि दोघंही मोठ्याने "रिकामं" म्हणतात. काका खुर्चीतून म्हणतात, "दाखव." मग तिसऱ्यांदा त्यांना दाखवायचं. सगळे धडधाकट असले तरी ही सवय लावून घ्या.

दुसरी पायरी: मूठ काढणं

लाकडी मुठीला सॉल्व्हंट लागू देऊ नका, ते लाकडावरचं पॉलिश खातं. स्क्रू पूर्ण काढून मग फळी नखाने किंवा पातीने उचकटायची नाही, कडा तुटतात. स्क्रू चार-पाच आटे सैल करा आणि त्याच्या डोक्यावर अंगठ्याने दाबा, समोरची फळी आपोआप सुटते. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत बरोब्बर बसणारं हवं. घरातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरचं पातं टोकाकडे निमुळतं असतं, ते खाचेतून वर सरकतं आणि स्क्रूचं डोकं फाटतं. जुनी रिव्हॉल्व्हरं हातात घेतली की त्या फाटक्या स्क्रूंवरून कळतं, आधीच्या मालकाने घाई केली होती.

तिसरी पायरी: नळी

रायफल मागच्या बाजूने साफ करतात. रिव्हॉल्व्हरला मागे फ्रेम आडवी येते, म्हणून गज तोंडाकडूनच घालावा लागतो. नळीच्या तोंडाची आतली कड फार जपायची, कारण गोळी शेवटची सुटते ती तिथून. गज त्या कडेला घासू देऊ नका. त्यासाठी नळीच्या तोंडावर बसणारं प्लॅस्टिकचं बूच मिळतं.

सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली एक चिंधी आरपार काढा. दहा मिनिटं थांबा. मग ब्रश घाला आणि तो पूर्ण पलीकडे, फ्रेमच्या खिडकीत (सिलिंडर बसतो त्या मोकळ्या जागेत) बाहेर पडेपर्यंत ढकला, त्यानंतरच मागे ओढा. नळीच्या मध्येच दिशा बदलली तर तारा उलट्या वाकतात. ब्रश मागच्या भिंतीवर आपटू नये म्हणून खिडकीत चिंधीची घडी ठेवा. आठ-दहा फेऱ्या झाल्या की कोरड्या चिंध्या, पांढऱ्या निघेपर्यंत. शेवटी खिडकीत पांढऱ्या कागदाचा तुकडा धरून नळीतून बघा. नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या कडा धारदार दिसायला हव्यात. राखाडी पट्टे दिसले तर ते शिसं आहे.

शिसं सर्वांत जास्त बसतं ते नळीच्या मागच्या टोकाला, जिथे गोळी सिलिंडरमधून उडी मारून नळीत शिरते. ती जागा नरसाळ्यासारखी पसरट असते, तिला फोर्सिंग कोन म्हणतात. उघड्या शिशाच्या गोळ्या वापरत असाल तर नुसत्या ब्रशने भागत नाही. जुन्या ब्रशला कांस्याच्या किसाचे धागे गुंडाळून तिथेच फिरवायचे. शिसं काढायची औषध लावलेली पिवळी फडकी मिळतात, ती स्टेनलेसवर छान चालतात, पण निळसर काळ्या लेपाच्या हत्याराला बाहेरून लावली तर लेपच निघतो. आमच्यातल्या एका ताईंनी नवीन रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर ती वापरली आणि दोन मिनिटांत पांढरा डाग पडला. हे त्यांना आधी कोणीच सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगतो आहे.

निकेलचा मुलामा असेल तर अमोनिया असलेलं सॉल्व्हंट त्यावर मुरत ठेवू नका. मुलाम्याखाली बऱ्याचदा तांब्याचा थर असतो, आणि अमोनिया तांबं खातो. कुठे टवका उडाला असेल तर तिथून आत शिरून निकेल सुटायला लागतं.

चौथी पायरी: चेंबर

मागच्या बाजूने एकेक. .३५७ मॅग्नमच्या हत्यारात .३८ स्पेशल मारणाऱ्यांनी इथे जास्त वेळ द्यावा. .३८ ची पुंगळी १.१५५ इंचाची, .३५७ ची १.२९० इंचाची. आखूड पुंगळी जिथे संपते तिथे चेंबरच्या आत काजळीचं कडं तयार होतं. मग एके दिवशी लांब काडतूस घातलं की ते शेवटच्या तीन-चार मिलिमीटरवर अडतं, आणि माणूस अंगठ्याने रेटायला लागतो. रेटू नका. ब्रशने कडं काढा आणि .३५७ ची रिकामी पुंगळी टाकून बघा, ती स्वतःच्या वजनाने बुडापर्यंत जायला हवी.

सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर ज्वाळेची काळी वलयं पडतात. ती खरवडत बसू नका. त्याने हत्याराला काहीही होत नाही, आणि पुढच्या सहा गोळ्यांत ती परत येतात.

पाचवी पायरी: चांदणी

रिव्हॉल्व्हर रेंजवर अडकलं असं कोणी सांगितलं की मी आधी चांदणीखाली बघतो. न जळलेल्या दारूचे कण पुंगळ्या काढताना खाली पडतात आणि चांदणी उचललेली असताना तिच्याखाली जाऊन बसतात. चांदणी मग केसभर वर राहते, सिलिंडर फ्रेमवर घासायला लागतो. फिरवताना जड, बंद करताना जड, आणि चाप ओढताना मधेच धक्का. लोकांना वाटतं आतली यंत्रणा बिघडली. असतो एक कण, मोहरीपेक्षाही लहान.

म्हणून मघाशी म्हटलं की पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे. कण मग पुंगळ्यांबरोबर खाली पडतात, आत राहत नाहीत.

साफ करताना एजेक्टर रॉड दाबून धरा, चांदणी वर येईल. तिची खालची बाजू आणि ती जिथे बसते तो खळगा, दोन्ही कोरड्या दाताच्या ब्रशने झाडा. कोपऱ्यात लाकडी काडी फिरवा. इथे तेल लावायचं नाही, अजिबात नाही. तेलाला कण चिकटतात आणि तुम्ही परत तिथेच येता.

रॉड हाताने फिरवून सैल झाला आहे का तेही बघा. तो सैल झाला की पुढे सरकतो आणि सिलिंडर उघडतच नाही. पण काढायच्या किंवा आवळायच्या आधी आटे कुठल्या दिशेचे आहेत ते त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात वाचा. स्मिथ अँड वेसनच्या अलीकडच्या हत्यारांत ते उलटे असतात, जुन्यांत सुलटे. आणि रॉड फिरवताना चेंबरमध्ये रिकाम्या पुंगळ्या ठेवा, नाहीतर सगळा जोर चांदणीच्या पाकळ्यांवर येतो.

बाजूची झडप उघडायची का?

नवशिक्याने नाही. फ्रेमच्या बाजूची ती पाटी इतकी घट्ट बसवलेली असते की शिवणही दिसत नाही. ती पातीने उचकटली की कड कायमची वाकते. जाणकार स्क्रू काढून मुठीच्या सांगाड्यावर लाकडी दांड्याने टकटक करतात आणि पाटी कंपनाने आपोआप वर येते. हे एकदा शेजारी बसून बघा, मग दोनदा जाणकारासमोर करा. वर्षानुवर्षं ती उघडावी लागत नाही.

मला स्वतःला ते काकांनी त्यांच्या आजारपणात शिकवलं. त्यांच्या हातात ताकद नव्हती, म्हणून ते फक्त बोलत होते आणि माझे हात त्यांच्या सांगण्याबरहुकूम चालत होते. "थांब. स्क्रू काढलास त्याच क्रमाने चटईवर मांड. एकसारखे दिसतात, पण नसतात." ते हत्यार १८९९ साली आलेल्या स्मिथ अँड वेसनच्या .३८ हँड एजेक्टरच्या घराण्यातलं. पुढे याच घराण्यातल्या रिव्हॉल्व्हरला मॉडेल १० हे नाव मिळालं. आतली रचना इतकी कमी बदलली आहे की एक नीट समजलं की त्या घराण्यातलं दुसरं उघडताना गोंधळ होत नाही. काका एरवी पाच वाक्यांत दमायचे. त्या दिवशी ते पाऊण तास बोलले. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

सहावी पायरी: तेल

थेंब मोजून. एजेक्टर रॉडवर एक, सिलिंडर ज्या कण्यावर बाहेर झुलतो त्यावर एक, घोड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि सिलिंडर फिरवणारा बोटासारखा भाग ज्या फटीतून वर येतो तिथे एक. बास. घोडा पाच-सहा वेळा चढवून अंगठ्याने धरून हळू सोडा म्हणजे तेल पसरेल. चेंबर शेवटी कोरडे करा. तिथे राहिलेलं तेल काडतुसाच्या प्रायमरमध्ये झिरपलं तर ऐन वेळी काडतूस फुटत नाही.

डब्ल्यूडी-४० हे १९५३ सालचं, पाणी हटवण्यासाठी बनवलेलं रसायन आहे. पावसात भिजलेल्या हत्याराला ते तेवढ्यापुरतं ठीक. कायमचं वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नका, आत सुकून चिकट थर राहतो.

जुन्या लष्करी काडतुसांचा प्रायमर क्षारयुक्त असेल, तर त्याचा मीठासारखा अवशेष नळीत राहतो आणि हवेतलं पाणी ओढतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. अशा गोळ्या मारल्या की आधी गरम पाणी, मग पूर्ण वाळवणं, मग नेहमीची सफाई, आणि हे त्याच दिवशी. काळ्या दारूच्या (ब्लॅक पावडरच्या) काडतुसांनाही हेच.

सातवी पायरी: कोरड्या टेबलावरची तपासणी

इथून पुढचं काम काकांचं. हत्यार त्यांच्या हातात देण्याआधी आम्ही ते सुती कापडात गुंडाळून तळव्यांत पाच मिनिटं धरतो. गरम करायचं नसतं, फक्त पोलादाचा गारवा जायला हवा. त्यांचे हात ते मग सहन करतात. प्लेटलेट कमी असतील त्या महिन्यात धारदार कडा, तारा, स्क्रूड्रायव्हर, काहीच त्यांच्याकडे जात नाही, कारण साधा ओरखडा थांबायला वेळ लागतो.

परत एकदा रिकामं असल्याची खात्री. मग सिलिंडरवर एका बोटाचा हलका दाब ठेवून घोडा अगदी सावकाश चढवा. घोडा पूर्ण चढायच्या आत सिलिंडर खाचेत "टक्" करून अडकायला हवा. आधी घोडा चढला आणि सिलिंडर मागे राहिला, तर टायमिंग गेलं आहे: चेंबर नळीसमोर सरळ येत नाही आणि गोळीचा शिशाचा तुकडा बाजूने उडू शकतो. असं हत्यार गन्समिथकडे द्या, तोवर मारू नका. हे सहाही चेंबरना करायचं, एकदोन बघून सोडायचं नाही.

नंतर सिलिंडर बंद करून पुढे-मागे हलवून बघा. किंचित हालचाल चालते, स्पष्ट खटखट नको. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. साधारण ०.१० ते ०.२५ मिलिमीटर ठीक. फार कमी असेल तर गरम झाल्यावर घासतं, फार जास्त असेल तर गॅस आणि कण बाजूने जास्त फेकले जातात. घोडा चढवून त्याला मागून अंगठ्याने हलका रेटा दिला तर तो पडता कामा नये.

रिकामं हत्यार टकटकवण्याबद्दल, म्हणजे काडतूस न घालता चाप ओढण्याबद्दल, नवे लोक नेहमी विचारतात. .२२ रिमफायरला (ज्याचं काडतूस बुडाच्या कडेवर सुई आदळून फुटतं) नको, सुई चेंबरच्या कडेवर आपटते. नव्या सेंटरफायरला (जिथे सुई बुडाच्या मध्यावर आदळते) सहसा चालतं, तरी डमी काडतुसं घातलेली बरी. घोड्यालाच सुई जोडलेली जुनी हत्यारं असतील तर डमीशिवाय नकोच. आणि सिनेमात दाखवतात तसा मनगटाच्या झटक्याने सिलिंडर कधीही बंद करू नका. त्याला धरणारा कणा वाकतो. दुसऱ्या हाताने हळू आत लावा.

काकांची बोटं अजून बधिर आहेत, पण कान शाबूत आहेत. मी घोडा चढवतो, ते डोळे मिटून ऐकतात. चौथ्या भेटीला मी सहाही चेंबर फिरवले, मला सगळे सारखेच वाटले. ते म्हणाले, "तिसऱ्याला ओढतंय." मी म्हटलं, "नाही काका, नीट आहे." ते म्हणाले, "चांदणी बघ." ओल्या टेबलावर जाऊन बघितलं. मी थेंबभर तेल तिथे सांडलं होतं आणि त्यात दारूचा एकच पिवळसर कण बसला होता. आत येऊन दाखवला, तर त्यांनी चष्मा मागितला आणि तो कण काडीच्या टोकावर बराच वेळ बघत बसले.

ठेवताना

चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका. चामडं कमावतानाचे क्षार आणि त्यात मुरलेला ओलावा धातूला खातात. काकांचं एक रिव्हॉल्व्हर तीन महिने होल्स्टरमध्ये राहिलं होतं, घामाचा हात लागलेल्या जागी बोटाच्या ठशाच्या आकाराचा गंज चढला होता. चार शून्यांची बारीक स्टील वूल तेलात भिजवून, अगदी हलक्या हाताने गंज निघाला, खाली एक फिकट डाग राहिला. फोमची पेटीही लांबच्या साठवणीला चांगली नाही, फोम ओलावा धरतो. तेलाचा हलका हात फिरवा किंवा सूक्ष्म स्फटिकांचं मेण लावा, सिलिका जेलची पुडी टाका आणि कपाट बंद करा. पुडी दर काही महिन्यांनी वाळवायची असते, हे सगळे विसरतात. ठेवायच्या आधी शेवटचा हात कापडाचा, उघड्या बोटांचा नाही.

मालक आजारी असताना महिन्यातून एकदा कपाट उघडून बघितलं तरी पुरतं. दर वेळी पूर्ण सफाई करायची गरज नाही. न मारलेलं हत्यार सारखं सारखं घासून काही मिळत नाही. आम्ही कधीकधी एकच रिव्हॉल्व्हर काढतो, पुसतो आणि उरलेला वेळ नुसते बसतो. काका झोपले तर तेवढ्यावरच उठतो. थकवा दिसला की काम अर्धं राहिलं तरी आवरायचं. फक्त अर्धं उघडलेलं हत्यार मागे ठेवून जायचं नाही, म्हणून मूठ काढण्याआधीच त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं.

रेंजवर परत कधी जायचं, हे डॉक्टरांनी ठरवायचं. रक्तातल्या पेशी, छातीवर बसवलेला पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी), हाताची पकड, सगळं बघून. बंदिस्त रेंजवर शिशाची धूळ जास्त, तिथे तर घाईच नको. हाताची पकड परत येईपर्यंत डमी काडतुसांवर चाप ओढायचा सराव घरी चालतो, तोही कोणी सोबत असताना.

एक वही ठेवा. तारीख, कुठलं हत्यार, कुठल्या चिंधीला काय दिसलं, फट किती, कुठे जड लागलं. पुढच्या वेळी वेगळा माणूस आला तरी त्याला कळतं. आमच्या वहीत पहिले सहा महिने माझं अक्षर आहे. गेल्या दोन नोंदी काकांनी लिहिल्या आहेत, पेनला जाड रबर गुंडाळून. शेवटची अशी: "आखूड .३८. फट ०.१५. तिसरा ठीक. मूठ मी पुसली. चिंध्या संपत आल्या, येताना आणणे."